भिंगारदिवेंची रेंज

भिंगारदिवेंचा मला पहिल्यांदा हेवा वाटला तो संगमनेरजवळच्या एका दूध डेअरीत, स्टीलच्या दोन टाक्यांच्या मधे उभी असताना. त्याआधी मी स्वतःला मत्सरी बाई समजत नव्हते. वर्गातल्या मैत्रिणी परदेशी गेल्या, चुलतबहिणीने पुण्यात दुसरा फ्लॅट घेतला, तेव्हाही मला फारसं काही झालं नव्हतं. पण चाळिशीला टेकलेल्या, बारावी नापास, कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट घालणाऱ्या या माणसाने मला आतून पार कुरतडून टाकलं.

आमचं काम सांगायला सोपं आहे. एखाद्या इमारतीत मोबाईलची रेंज येत नसेल, तर ती आणून द्यायची. गच्चीवर टॉवरच्या दिशेने एक अँटेना लावायचा, बाहेरचा सिग्नल पकडायचा, मशिनने मोठा करायचा आणि आत छताला छोटे अँटेने लावून सोडायचा. ते किती लावायचे, कुठे लावायचे, कुणाचं तोंड कुठे करायचं, हे ठरवणं म्हणजे प्लॅनिंग. ते माझ्याकडे होतं. मी पुण्यात शिकलेली इंजिनियर. वडील नगरला शाळेत गणित शिकवायचे; त्यांच्या निवृत्तीनंतर मी घरी परत आले आणि सावेडीतल्या दातरंगे सरांच्या छोट्या कंपनीत लागले. भिंगारदिवे माझ्यानंतर दोन वर्षांनी आले, अँटेने बसवायला. म्हणजे मी ठरवायचं आणि त्यांनी शिडीवर चढून ते बसवायचं, असा करार.

त्या डेअरीत दुधाची पावडर भरायचा मोठा हॉल होता. भिंती पत्र्याच्या, टाक्या स्टीलच्या, वर छतही पत्र्याचं. धातूवर पडलेला सिग्नल आरपार जात नाही, उलटतो. त्यामुळे असा हॉल म्हणजे चारी बाजूंना आरसे लावलेलं सलून. मी तीन दिवस कॉम्प्युटरवर बसून त्याचा नकाशा केला होता. नऊ अँटेने. पडद्यावर मधल्या टाकीमागची जागा सोडली तर सगळा हॉल हिरवागार. प्रत्यक्षात पॅकिंगच्या पट्ट्याजवळ फोनवर रेंजच्या सगळ्या दांड्या दिसायच्या आणि बोलणं मात्र तुटायचं. मी ठरवलं, आणखी दोन लावू.

भिंगारदिवे शिडी भिंतीला टेकवून पॅकिंगच्या बायकांकडे गेले.

"मावशी, घरी फोन करायचा झाला तर कुठं उभं राहून करता?"

पुढे सात वर्षं मी हा प्रश्न ऐकत आले. बाई म्हणाली, "त्या मधल्या टाकीमागं. तिथं सपष्ट येतं."

टाकीमागची जागा माझ्या नकाशात लाल होती. तिथे काही पोचणारच नव्हतं. भिंगारदिवे तिथे जाऊन उभे राहिले, कानाची पाळी ओढली, टाकीवर बोटाच्या पेराने टकटक केली. मग माझ्याकडे येऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, हितं सिग्नल कमी न्हाई, लई झालाय. त्यो टाकीवर आपटून भितीवर, भितीवरून परत टाकीवर, असा एकमेकाच्या अंगावर पडतोय. ह्यात आनखी ओतू नका. उलट ह्यो आनि त्यो, दोन बंद करून बघा की."

मी बंद केले. हट्टाने केले, ते चुकले की दाखवता येईल म्हणून. पॅकिंगच्या पट्ट्यापाशी एक बाई फोनवर मुलीला रागवायला लागली आणि चार मिनिटं रागवत राहिली. आवाज एकदाही तुटला नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. माझं काम झालं होतं. पण मी त्या टाकीच्या चकचकीत पोटात माझाच वेडावाकडा चेहरा बघत उभी होते, आणि त्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

भिंगारदिवे नगरला लागून असलेल्या भिंगारचेच. आडनाव सांगताना स्वतःच म्हणायचे, "भिंगारच्या दिव्याखाली अंधार." घराणं तीन-चार पिढ्यांचं ख्रिस्ती; आजोबा मिशनच्या शाळेत शिपाई, वडील लष्कराच्या वर्कशॉपात. स्वतः भिंगारदिवे अठराव्या वर्षी कापडबाजाराजवळच्या एका काचेच्या दुकानात लागले आणि वीस वर्षं काच कापत राहिले. आरसे, शोकेस, नंतर नंतर इमारतींच्या दर्शनी काचा. उजव्या हाताच्या तर्जनीवर कापल्याची पांढरी रेघ होती. मालक वारला, दुकान बंद पडलं, आणि भाच्याच्या ओळखीने हे केबल ओढायच्या कामाला आले. आरशाशी वीस वर्षं काढलेल्या माणसाला उलटणाऱ्या गोष्टी कळणारच, अशी समजूत मी स्वतःची काढत असे. ती पुरत नसे.

त्यांच्या सवयी ठरलेल्या. कुठल्याही इमारतीत शिरण्याआधी बाहेरून एक पूर्ण चक्कर. गेटवरचा वॉचमन, झाडणारी बाई, चहावाला, यांना तो एकच प्रश्न. मग आत येऊन भिंती वाजवायच्या. बोटाने वाजवून सांगायचे, "ही वीट. ही नुसती पुठ्ठ्याची. हिच्यात पत्रा हाय." डब्यात रोज भाकरी आणि खर्डा, आणि डबा उघडला की आधी समोरच्याला विचारायचं. रविवारी कितीही तातडीचं काम असो, चर्च सुटल्याशिवाय फोन उचलायचा नाही. दातरंगे सर त्यावरून चिडायचे आणि सोमवारी विसरायचे. रेंज नाही असं ते कधी म्हणत नसत. "लाजतीय," म्हणायचे. "जरा सवड द्या, यील."

या सगळ्याची लोकांना भुरळ पडायची. सर्व्हेला गेलो की चहा पहिला त्यांच्या हातात यायचा. ग्राहक मला मेल करायचे आणि त्यांना फोन. एका साखर कारखान्याच्या चीफ इंजिनियरने माझ्यासमोर दातरंगे सरांना सांगितलं, "पुढच्या वेळी भिंगारदिवेंना पाठवा. मॅडम नाही आल्या तरी चालतील." सर हसले. भिंगारदिवे हसले नाहीत. "मॅडमशिवाय कागूद कोन करनार साहेब?" म्हणाले. ते मला वाचवायला बोलले हे मला कळलं, आणि तेच जास्त झोंबलं.

पण सगळ्यात खोल लागलं ते घरी.

आमच्या घरात वायफाय मधल्या खोलीपलीकडे जात नव्हतं. चार वर्षं मी त्याच्याशी झगडत होते. बाबांना मागच्या खोलीत बसून पेपर वाचायची, व्हिडिओ बघायची सवय, ते दर दोन दिवसांनी म्हणायचे, "तू रेंजवाली ना गं?" एकदा भिंगारदिवे कसलीशी फाईल द्यायला घरी आले. बाबांनी गंमत म्हणून त्यांना सांगितलं. भिंगारदिवेंनी घराला बाहेरून चक्कर मारली, मग आत येऊन बाबांना विचारलं, "सर, तुमी कुठं बसता?" आणि राऊटर उचलून लोखंडी कपाटाच्या मागून कपाटाच्या समोरच्या भिंतीवर नेला, असा की कपाटाच्या दारावर आपटून सिग्नल मागच्या खोलीच्या दरवाजातून आत जावा. पाच मिनिटं. मागच्या खोलीत बाबांचा व्हिडिओ सुरू झाला.

"कुठे शिकलात हो हे?" बाबांनी विचारलं.

"काचेच्या दुकानात, सर."

बाबा खळखळून हसले. वर्गातल्या हुशार मुलाच्या उत्तराला ते असं हसायचे, हे मला ठाऊक होतं. भिंगारदिवे गेल्यावर ते कितीतरी वेळ दाराकडे बघत होते. मग म्हणाले, "माणसाला नजर आहे."

बाबांनी माझ्या प्रत्येक गुणपत्रिकेवर सही केली होती. नजर आहे, असं माझ्याबद्दल कधीच म्हणाले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी राऊटर परत कपाटामागे नेऊन ठेवावा इतका मला राग आला होता. ठेवला नाही. पण हात लावून आले होते.

मी उघड काही करत नव्हते. माझं शस्त्र रिपोर्ट. शिर्डीच्या रस्त्यावर एका नव्या हॉटेलचं काम आलं. पाच मजले, सगळ्या बाजूंनी निळी काच. बाहेर पार्किंगमध्ये फोन ठणठणीत, खोलीत शिरलं की मेला. मालक म्हणत होता, पाहुणे बनियनवर बाहेर येऊन फोन करतात. मी भिंतींच्या जाडीचा हिशेब मांडत होते. भिंगारदिवे रस्त्यापलीकडे जाऊन इमारतीकडे बघत उभे राहिले आणि तिथूनच त्यांनी मला हाक मारली.

"तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्याची काच बघा. ढग येगळा दिसतोय तिच्यात."

मला सगळे ढग सारखे दिसत होते. ती खोली धुलाईची निघाली. तिथली मूळ काच फुटली होती आणि मालकाने साधी काच बसवून घेतली होती. कपडे इस्त्री करणारी बाई म्हणाली, "सगळे मॅनेजर हितंच येऊन बोलत्यात की फोनवर."

"बाकी काचंला वर्ख लावलाय, मॅडम," भिंगारदिवे म्हणाले. "मिठाईला लावत्यात तसा. ऊन आत यू नये म्हनून. डोळ्याला दिसत न्हाई, पन धातू त्यो धातूच." मग थोडं थांबून, "आनि एक हाय. बाहेरचा आत येत न्हाई, तसा आतला बाहेर जायचा न्हाई. तुमी मशिन पुऱ्या जोरावर धरलंय. अर्ध्यावर भागंल."

अर्ध्यावर भागलं. मी रिपोर्टमध्ये लिहिलं : 'दर्शनी काचेवर धातूचा पातळ थर असल्याचे आढळून आले. त्यानुसार शक्ती निम्मी ठेवण्यात आली.' आढळून आले. ठेवण्यात आली. कुणाला आढळलं, कुणी ठेवली, हे आपल्या भाषेत न लिहिताही वाक्य पूर्ण होतं. मोबाईल कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून माझं कौतुक करणारं पत्र आलं. दातरंगे सरांनी ते सगळ्यांसमोर वाचलं. भिंगारदिवेंनी टाळ्या वाजवल्या, मनापासून. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, एखादी सुरकुती तरी कडू हलते का म्हणून. नाही हलली.

अशा माणसाचा मत्सर करणं फार थकवणारं असतं. तो तुम्हाला कारणच देत नाही.

मग राजूरच्या पुढचं काम आलं. भंडारदऱ्याच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत एका ट्रस्टचं लहानसं बाळंतपणाचं रुग्णालय होतं. दहा खाटा, दोन सिस्टर, डॉक्टर राजूरहून येऊन-जाऊन. नवी इमारत स्लॅबची, वर पावसासाठी पत्रे घातलेले. आत फोन लागत नव्हता. डॉक्टरला बोलवायचं किंवा रुग्णवाहिका मागवायची तर सिस्टरला बाहेर पडून चढावर जावं लागे. मोबाईल कंपनीने एक मशिन आणि गच्चीवरचा एक अँटेना मंजूर केला होता. तो एक अँटेना कुठे तोंड करून लावायचा, एवढाच प्रश्न.

एप्रिल होता. टॉवर डोंगराच्या सोंडेपलीकडे. गच्चीवरून त्याचं टोक दिसत नव्हतं, पण सोंडेवरच्या निष्पर्ण झाडांमधून थोडा सिग्नल गाळून येत होता. कामचलाऊ. मी त्या दिशेला खूण केली.

भिंगारदिवे नेहमीची चक्कर मारून, तळपाडे सिस्टरना नेहमीचा प्रश्न विचारून वर आले. "सिस्टर म्हनत्यात, त्या भाताच्या गिरनीपाशी रेंज चांगली मिळती." समोरच्या उतारावर नवी भातगिरणी झाली होती. तिची पत्र्याची उंच भिंत उन्हात डोळ्यांवर येत होती. "त्या भितीला टॉवर सरळ दिसतोय, मॅडम. आनि आपल्याला भित दिसतीय. अँटेन्याचं तोंड गिरनीकडं करू."

त्यांनी मोजून दाखवलं. गिरणीच्या बाजूचा सिग्नल टॉवरच्या बाजूपेक्षा बारा डेसिबलने जास्त. म्हणजे सोळापट. वहीच्या पानावर दोन्ही आकडे लिहून त्यांनी पान माझ्या हातात दिलं.

"दुसऱ्याच्या भिंतीच्या भरवशावर डिझाईन होत नाही, भिंगारदिवे," मी म्हणाले. "उद्या त्याने पत्रा काढला तर?"

"पत्रा कशाला काढंल त्यो? पन झाडं बघा. आत्ता उघडी हायत. पावसाळ्यात भरतील, मग हा असला गाळीव सिग्नल बी ऱ्हानार न्हाई."

माझं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं, थेट मार्ग धरावा. कुणी विचारलं असतं तर मी तासभर वाद घालू शकले असते. पण मला त्या गच्चीवर, त्या क्षणी, पक्कं माहीत होतं की ते बरोबर आहेत. ते बरोबर आहेत हेच मला नको होतं. तळपाडे सिस्टर जिन्यात उभ्या राहून आमच्या दोघांकडे बघत होत्या, आणि मला वाटलं, हिच्यासमोर तरी नाही.

"टॉवरकडेच लावा," मी म्हणाले.

त्यांनी कानाची पाळी ओढली आणि लावला. रिपोर्टमध्ये मी ते वहीचं पान जोडलं नाही.

श्रावणात एका सकाळी तळपाडे सिस्टरांचा फोन ऑफिसात आला. मला नाही, भिंगारदिवेंना. ते उभं राहून ऐकत होते. फोन ठेवून म्हणाले, "मॅडम, निघू या." बाकी काही नाही. गाडी तेच चालवत होते. बाहेर धुक्यात भाताची खाचरं हिरवी चकाकत होती आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

सोंडेवरची झाडं गच्च भरली होती. गच्चीवर अँटेन्याला पकडायला काही उरलंच नव्हतं. मशिन चालू होतं, दिवा हिरवा होता, आणि ते शांतता मोठी करत होतं.

आदल्या दुपारी काय झालं ते तळपाडे सिस्टरांनी सांगितलं. बावीस वर्षांची बाई, पहिलं बाळंतपण. बाळ झालं, रडलं, आणि मग रक्त थांबेना. डॉक्टर राजूरला. सिस्टरांनी फोन लावला, लागला नाही. दुसऱ्या फोनवरून, लागला नाही. "मशिन बसवलंय म्हनून आमी बाहेर जायची सवयच मोडली हुती," त्या म्हणाल्या. "आता लागंल, मग लागंल करत लावीत बसले. मग धाकट्या सिस्टरला तिच्यापाशी सोडलं आन् चिखलातनं गिरनीपत्तूर पळाले. तिथनं लागला." पाऊण तास गेला. संगमनेरला नेईपर्यंत आणखी वेळ. बाळ वाचलं. बाई वाचली. पण तिची गर्भपिशवी काढावी लागली.

भिंगारदिवे वर गेले आणि अँटेन्याचं तोंड गिरणीकडे केलं. अर्धा तास लागला असेल. मी खाली प्रसूतीच्या खोलीत फोन धरून उभी होते. सगळ्या दांड्या आल्या. एका खाटेची गादी गुंडाळून ठेवलेली होती.

तेवढ्यात दातरंगे सरांचा फोन आला, त्याच फोनवर, स्वच्छ. मी स्पीकरवर टाकला, कारण भिंगारदिवे खाली आले होते. ट्रस्टच्या लोकांनी सरांकडे तक्रार केली होती. "दिशा कुणी ठरवली होती?" सर ओरडत होते. "सर्व्हे कुणाचा?"

मी तोंड उघडलं. शब्द तयार होते. काय बोलणार होते ते मात्र आजही मला खात्रीने सांगता येत नाही.

"सर्व्हे दोघांचा हुता, सर," भिंगारदिवे म्हणाले. "झाडं भरली. आता फिरवलाय. चालू झाला."

परतीच्या वाटेवर, राजूरच्या अलीकडे, त्यांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन चालू ठेवलं. समोरच्या काचेवर वायपर फिरत होता. ते माझ्याकडे न बघता बोलले.

"मॅडम, माझा राग यायचा तर यायचा. मला ठावं हाय, येतो तुमाला. पयल्या डेअरीपासनं ठावं हाय. मी म्हनलं, यीना. मानूस हाय. पन त्या बाईनं काय केलं हुतं?"

मी रडले. पण रडणं हे उत्तर नव्हतं आणि त्यांनीही ते उत्तर म्हणून घेतलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "सुनंदा नाव हाय तिचं." आणि गाडी पुढे काढली.

मी तिचं नाव विचारलं नव्हतं.

त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. पुढे आम्ही वर्षभर एकत्र काम केलं. बोलणं कामापुरतं, डबा उघडला की मात्र आधी मला विचारायचे, पहिल्यासारखंच. मला तेही सहन होईना. मी एकदा दातरंगे सरांना सगळं सांगायला त्यांच्या केबिनपर्यंत गेले. सर फोनवर होते. मी पाच मिनिटं थांबले आणि सर फोनवर आहेत ही मोठीच सोय मानून परत आले. त्या पाच मिनिटांची मला त्या गच्चीपेक्षा जास्त लाज वाटते. मग पुण्याच्या ऑफिसात जागा निघाली. माझे रिपोर्ट त्यांना आवडत होतेच. मी गेले. निरोपाच्या दिवशी भिंगारदिवे कुठल्याशा शाळेच्या गच्चीवर होते. भेट झाली नाही. खरं सांगायचं तर मी दिवस तसाच निवडला होता.

सुनंदाला मी नंतर दोनदा भेटायला जायचं ठरवलं. एकदा राजूरच्या बाजारापर्यंत गेलेही. पण काय सांगून तिच्या दारात उभी राहणार होते?

यानंतर भिंगारदिवे मला एकदाच दिसले, गेल्या वर्षी. मी नगरहून सोलापूरच्या बाजूला कामाला निघाले होते आणि मिरजगावला हायवेवरच्या एका हॉटेलात चहाला थांबले. ते कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले होते, सोबत दोन तरुण मुली, गळ्यात कंपनीची ओळखपत्रं. केस सगळे पांढरे झाले होते. शर्ट तोच, कडक इस्त्रीचा. मी वळणार होते, पण त्यांनी पाहिलं आणि उभेच राहिले.

"अरे, मॅडम! या, या. बसा." आणि मुलींकडे वळून, "उठा गं. ह्या आमच्या मॅडम. मी सांगत न्हाई का तुमाला? त्या ह्या."

काय सांगितलं असेल यांनी?

"डेसिबल ह्यांनी शिकवलं मला," भिंगारदिवे म्हणाले. "आमी संगमनेरहून येत हुतो, कंपनीची गाडी बंद पडली, मग यष्टीत बसलो. मी ह्यांना म्हनलं, मला आकडे वाचता येत्यात पन त्यांचा अर्थ न्हाई लागत. तर मॅडमनी तिकिटाच्या मागं लिवून दाखवलं. तीन वाढलं की दुप्पट, धा वाढलं की धापट. नगर येईपत्तूर. बारावी नापास मानसाला. एकदा बी कटाळल्या न्हाईत. मी चार वेळा इचारलं तर चार वेळा सांगितलं."

मुली माझ्याकडे आदराने बघत होत्या. मी त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, मग भिंगारदिवेंच्या. ते थट्टा करत नव्हते. टोमणाही मारत नव्हते. टोमणा मला लगेच ओळखू आला असता. मी त्यात वाकबगार आहे.

मला काही आठवत नव्हतं. बंद पडलेली गाडी नाही, एसटी नाही, तिकीट नाही. मी त्यांनी दाखवलेलं प्रत्येक न्यून, प्रत्येक कौतुक, प्रत्येक चहाचा कप जपून ठेवला होता, आणि मी कधी काही दिलं असेल तर ते माझ्याकडे नव्हतंच. ते सगळं त्यांच्याकडे होतं.

"तुम्हाला नक्की मीच आठवते?" मी विचारलं.

"दुसरं कोन असनार, मॅडम?"

चहा झाला. त्यांना पुढे कर्जतला जायचं होतं, मला सोलापूरकडे. काहीतरी बोलायला हवं होतं. सुनंदाबद्दल, त्या पानाबद्दल. मी तोंड उघडलं तेवढ्यात एका मुलीने त्यांना काहीतरी विचारलं आणि ते तिच्याकडे वळले. मी गाडीत जाऊन बसले.

काचेतून ते दिसत होते. पाण्याच्या पेल्यात बोट बुडवून ते टेबलावर आकडे काढत होते आणि दोघी वाकून बघत होत्या. एकीने मान हलवली, नाही कळलं. त्यांनी तळहाताने टेबल पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ते कसं समजावत होते ते मला ऐकू येत नव्हतं, पण त्या शब्दांत कुणीतरी एकदा बसमध्ये त्यांना समजावलं होतं. न कंटाळता, चार वेळा. गाडी सुरू करेपर्यंत मी बसमधल्या त्या बाईचा हेवा करत बसले होते.